माढ्याचे टट्टू, हिसारचे दप्तर
राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्राची चाळीस वर्षे

सुगी आटोपून माढा तालुक्यातली राने मोकळी झाली की मेंढपाळांचे वाडे येऊन उतरतात. वाडा म्हणजे पाच-सहा बिऱ्हाडे, त्यांची मेंढरे, राखणीची कुत्री आणि सामान वाहणारी घोडी. एका रानात दोन-चार रात्री मेंढरे बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात मालकाकडून धान्य किंवा रोकड घ्यायची आणि पुढचे रान धरायचे. निघताना घोडीच्या पाठीवर काय काय चढते ते एकदा उभे राहून पाहावे. उलटी टाकलेली बाज, तिच्या पायांना लटकवलेली भांडी, वाघूर, कोंबड्यांची पाटी, रात्रीच जन्मलेली दोन कोकरे. आणि या चालत्या संसाराच्या कडेने, दाव्याशिवाय, दुडक्या चालीने निघालेले शिंगरू.

२०२४ च्या जानेवारीपर्यंत या शिंगराला सरकारी कागदावर जात नव्हती. ‘गावठी’ म्हटले की काम भागे. त्या महिन्यात कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने नव्या नोंदणीकृत पशुजाती जाहीर केल्या, त्यांत महाराष्ट्राचा ‘भीमथडी’ घोडा होता. नोंद कर्नालची खरी, पण त्यामागची मापे, रक्ताचे नमुने आणि शास्त्रीय वर्णन यांत मोठा वाटा हरियाणातल्या हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्राचा आहे. या केंद्राने २६ नोव्हेंबर २०२५ रोजी चाळीस वर्षे पुरी केली. हिसार माढ्यापासून हजार किलोमीटरहून दूर. तरीही तिथल्या कामाचे धागे सोलापूर जिल्ह्यातल्या गोठ्यांपर्यंत कसे येऊन पोचले, हे या निमित्ताने सांगण्याजोगे आहे.

पूर्वपीठिका : पुसा, आलेगाव आणि कुर्डुवाडी

आपल्याकडे सरकारी अश्वपैदास सुरू झाली ती फौजेच्या गरजेतून. ईस्ट इंडिया कंपनीने अठराव्या शतकाच्या अखेरीस बिहारमध्ये पुसा येथे घोड्यांची पैदास सुरू केली. १८०८ मध्ये तिथे आलेला विल्यम मूरक्रॉफ्ट हा पशुवैद्य चांगल्या घोड्यांच्या शोधात तिबेट, लडाख करत थेट बुखाऱ्यापर्यंत गेला आणि १८२५ मध्ये त्याच प्रवासात वारला. त्याला हवा होता उंच, दणकट, फौजेच्या कामाचा घोडा. डोंगरातली आणि पठारावरची लहान चणीची टट्टे त्याच्या हिशेबात बसत नव्हती. सरकारी पैदासकेंद्रांचा हा उंचीचा सोस पुढे शे-दीडशे वर्षे टिकला. पुशाची ती जमीन मात्र वाया गेली नाही. तिच्यावर १९०५ मध्ये कृषी संशोधन संस्था उभी राहिली. आज हिसारचे केंद्र ज्या भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे आहे, तिच्या परिवारातली ही थोरली संस्था.

दख्खनमध्येही कंपनीने प्रयोग केला. घोड आणि भीमा या नद्यांच्या टापूत आलेगावला पैदासकेंद्र निघाले आणि काही वर्षांत बंदही झाले. ते गाव आजही ‘आलेगाव पागा’ म्हणून ओळखले जाते. केंद्र गेले, पागा नावात राहिली.

भीमथडीचे घोडे त्याआधीपासूनचे. भीमा आणि नीरेच्या काठचे हे जनावर मध्यम-लहान चणीचे. स्थानिक टट्टांत अरबी आणि इराणी रक्त मिसळून ते घडले, असे मानतात. मराठ्यांच्या घोडदळाची लांब पल्ल्याची दौड या जनावराच्या जोरावर चाले. ते थोड्या चाऱ्यावर निभावे, दगडधोंड्यांतून चाले आणि रात्री उघड्यावर राही. घोडदळ मोडले तेव्हा त्याला दुसरा धनी शोधावा लागला. तो मेंढपाळांच्या रूपाने भेटला.

इथे एक आडवळण. माढा तालुक्यातली कुर्डुवाडी ओळखली जाते बार्शी लाइट रेल्वेमुळे. अडीच फुटी रुळांची ही गाडी १८९७ मध्ये धावू लागली, ती उभी करणारा इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. रेल्वेच्या जगात तो अरुंद मापाच्या मार्गांचा जाणकार म्हणून प्रसिद्ध, पण इंग्लंडमध्ये तो अरबी घोड्यांची पैदासही करी. १९२० मध्ये त्याने घोडा हा माणसाचा सोबती कसा, यावर पुस्तक लिहिले. कुर्डुवाडीच्या रुळांनी बार्शी-पंढरपूरकडच्या बैलगाड्यांचे आणि लादणीच्या टट्टांचे काम कमी केले. ते रूळ टाकणाऱ्या माणसाचा जीव मात्र घोड्यांत होता. योगायोगच, पण माढेकरांनी लक्षात ठेवावा असा.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोटार, एसटी आणि ट्रॅक्टर यांनी घोड्याचे काम आटोपत आणले. १९६० मध्ये ‘आफ्रिकन हॉर्स सिकनेस’ची साथ देशात शिरली आणि तिने घोड्यांचा मोठा फडशा पाडला. गाय-म्हैस, शेळी-मेंढी, कोंबडी यांसाठी संस्था निघाल्या. घोडा, गाढव, खेचर यांच्याकडे बघायला लष्कराच्या रिमाउंट विभागापलीकडे फारसे कोणी उरले नव्हते.

१९८५ ते १९९५ : पाया

सातव्या पंचवार्षिक योजनेच्या पहिल्याच वर्षी हिसारला केंद्र सुरू झाले. जागा विचारपूर्वक निवडलेली होती. हिसारला कंपनीच्या काळापासूनचे सरकारी पशुपैदास क्षेत्र होते आणि आसपास जनावरे जाणणारी माणसे होती. आरंभीची मंडळी प्रयोगशाळा उभारायची की तबेले, या प्रश्नात अडकून पडली नाहीत. दोन्ही कामे बरोबरीने चालली.

रोगाने त्यांना सवडही दिली नाही. १९८७ मध्ये घोड्यांचा इन्फ्लुएन्झा देशात पसरला. केंद्राच्या शास्त्रज्ञांनी लुधियानाच्या साथीतला विषाणू वेगळा केला आणि पुढे त्याच्यापासून देशी लस बनवली. दोन वर्षांच्या संस्थेची ही परीक्षाच होती.

१९८९ मध्ये बिकानेरला केंद्राचे दुसरे आवार सुरू झाले. उंटांचे राष्ट्रीय केंद्र तिथे आधीच होते, वाळवंटातली मोकळी जागा होती आणि मारवाडी घोड्यांचा मुलूख हाताशी होता. हिसारने रोग बघायचे आणि बिकानेरने पैदास, अशी कामाची वाटणी झाली.  

१९९५ ते २००५ : शिंगरांची शाळा

हे दशक गाजावाजाचे नव्हते. पण पैदासीच्या कामात रस असलेल्या वाचकाने इथे जरा थांबावे.

घोडी दर एकवीस दिवसांच्या आसपास माजावर येते आणि अकरा महिने गाभण राहते. म्हणजे जमले तर वर्षाला एक शिंगरू. गाय दूध देते, मेंढी लोकर आणि कोकरे देते. घोडी देते ती चाल आणि ओझ्याची पाठ, तीही मधले काही महिने बेताचीच. त्यामुळे घोडी गाभण आहे की रिकामी, हे लवकर कळणे मालकाच्या खिशाचा प्रश्न असतो. गाभण घोडीच्या रक्तात साधारण चाळीस दिवसांनंतर एक खास संप्रेरक येते आणि चौथ्या महिन्यापर्यंत सापडते. त्यावर आधारलेली चाचणी केंद्राने बनवली. घोड्यांच्या नागिणीच्या विषाणूमुळे घोड्या गाभडतात, त्यावरही केंद्राने लस तयार केली. आणि बिकानेरला जातिवंत घोड्यांचे वीर्य उणे १९६ अंशांवर गोठवून कृत्रिम रेतनाचे काम बसवण्यात आले.

कृत्रिम रेतन म्हटले की गायीच्या दवाखान्याची सवय असलेल्या शेतकऱ्याला त्यात नवल वाटत नाही. घोड्यात ते अवघड आहे. घोड्याच्या वीर्याला गोठवणे सहजी सोसत नाही, घोडीचा माज पाच-सहा दिवस लांबतो आणि बीज नेमके कधी सुटते ते हाताने किंवा सोनोग्राफीने पाहत राहावे लागते. त्यामुळे इथे प्रयोगशाळेइतकेच काम तबेल्यात चाले. पहाटे खरारा करणारे, चंदी तोलून देणारे, कोणत्या घोडीने कान कसे टवकारले हे लक्षात ठेवणारे मोतद्दार नसते, तर शास्त्रज्ञांच्या वह्या अर्ध्या कोऱ्या राहिल्या असत्या.

शिंगरू जन्मल्यावरचे पहिले सहा तास सगळ्यांत मोलाचे. चांगले शिंगरू तासाभरात उभे राहते आणि दोन-तीन तासांत आचळाला लागते. घोडीच्या पोटात असताना त्याला आईकडून रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही. ती सगळी पहिल्या चिकातून यावी लागते आणि दिवस उलटला की आतडे ती घेईनासे होते. म्हणून चीक वेळेत पोटात जाणे, नाळेला आयोडीन लावणे आणि घोडीची वार तीन तासांत पडली का हे पाहणे, ही कामे बिकानेरच्या आवारात पाळीने ठरलेली असतात. वाड्यावरही थोडेफार हेच होते, कागद मात्र नसतो. घोडी व्यायला झाली की घरातली जाणती बाई रात्रभर कान तिकडे लावून असते. शिंगरू उठत नसेल तर त्याला उभे करून आचळाशी नेते.

दूध तुटते साधारण सहाव्या महिन्यात. त्याआधीच ते आईच्या चंदीत तोंड घालू लागते, जंताचे औषध दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून सुरू होते आणि खुरांकडे लक्ष ठेवावे लागते, कारण लहानपणी वाकडा वाढलेला खूर मोठेपणी नालबंदाच्याने सरळ होत नाही. वाड्यावरच्या शिंगराचे व्यायामावाचून कधी अडत नाही. रोज सात-आठ किलोमीटर ते आईबरोबर चालतेच. त्याची अडचण वेगळी असते. तिसरे वर्ष पुरे व्हायच्या आत त्याच्या पाठीवर ओझे चढते.

केंद्राचे शास्त्र आणि वाड्याची रीत यांची गाठ त्या दशकात पडली नव्हती. केंद्राचे लक्ष मारवाडी आणि काठियावाडीवर होते. त्यांचे मालक संघटित होते, जत्रा-प्रदर्शनांत वंशावळी मिरवत होते. भीमेकाठच्या घोडीची वंशावळ मेंढक्याच्या तोंडी होती.

२००५ ते २०१५ : पाचगणीची घोडी, कटऱ्याची घोडी

२००६ मध्ये ग्लँडर्स पुन्हा डोके वर काढून उभा राहिला आणि तो आपल्या दारात होता. पुणे आणि पाचगणीच्या घोड्यांत हा रोग सापडला. पाचगणीच्या पठारावर पर्यटकांना फिरवणारी घोडी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या बातमीचा अर्थ कळेल. ग्लँडर्स माणसालाही होतो आणि त्याच्यावर उपचाराच्या वाटेने जाता येत नाही. तेव्हा लागू असलेल्या १८९९ च्या कायद्याप्रमाणे बाधित जनावर मारावे लागे. त्या वेळी रक्ताचे नमुने हिसारला जात आणि मालक निकालाची वाट बघत बसत. घोड्यावर चूल चालणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने ते दिवस कसे गेले असतील, हे आकड्यांत येत नाही. पुढे केंद्राने ग्लँडर्सची स्वतःची एलायझा चाचणी विकसित केली. आज या रोगाच्या निदानात शेवटचा शब्द हिसारचाच असतो.

२००८ मध्ये इन्फ्लुएन्झा पुन्हा आला. वैष्णोदेवीच्या पायथ्याशी, कटऱ्याच्या घोड्याखेचरांत तो प्रथम दिसला आणि मग राज्याराज्यांत फिरला. एकवीस वर्षांत विषाणू बदललेला होता. केंद्राने कटऱ्याचा विषाणू घेऊन लस नव्याने बांधली.

याच सुमारास, २००५ पासून, जनावरांशी संबंधित सूक्ष्मजीवांचे राष्ट्रीय संग्रहालय हिसारच्या आवारात आकाराला येत होते. त्या वेळी अनेकांना ते कपाटात बाटल्या भरून ठेवण्याचे काम वाटले. त्याचा उपयोग पुढच्या दशकात कळला, आणि तो घोड्यापेक्षा गाईला अधिक झाला.

२०१५ ते २०२५ : लम्पी, राज-प्रथमा आणि भीमथडी

विसाव्या पशुगणनेचे आकडे आले तेव्हा घोडेवाल्यांच्या जगात सन्नाटा पसरला. २०१२ मध्ये देशात सव्वासहा लाख घोडे-टट्टे होती. २०१९ मध्ये ती सुमारे ३ लाख ४० हजार उरली. सात वर्षांत जवळपास निम्मी. गाढवांची गत याहून वाईट. सोलापूर जिल्ह्यात या घसरणीचे कारण पाहायला लांब जायला नको. १९८० मध्ये माढा तालुक्यातल्या उजनीवर धरण पुरे झाले, मागोमाग कालवे आले, सीना-माढा उपसा योजना आली आणि जिथे पडीक माळ होता तिथे ऊस उभा राहिला. उसाने शेतकऱ्याच्या हातात पैसा दिला, त्यात गैर काही नाही. पण उसात मेंढरे बसत नाहीत आणि मेंढरांवाचून घोडीला काम नाही.

याच दशकात घोड्यांच्या या केंद्राने माढ्याच्या गोठ्यापर्यंत हात पोचवला तो एका भलत्याच वाटेने. लम्पी त्वचारोग २०१९ मध्ये देशात आला आणि २०२२ मध्ये त्याने खिलारांचा आणि दुभत्या गाईंचा जीव काढला. हिसारच्या शास्त्रज्ञांनी रांचीच्या जनावरातून मिळवलेला विषाणू पेशींच्या संवर्धनात पुन्हा पुन्हा वाढवून सौम्य केला आणि इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या साथीने ‘लम्पी-प्रोव्हॅकइंड’ ही लस तयार केली. ऑगस्ट २०२२ मध्ये ती जाहीर झाली. डिसेंबरमध्ये तिच्या उत्पादनासाठी पुण्याच्या औंधमधल्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेशी करार झाला. त्याच वर्षी जूनमध्ये जनावरांसाठीची कोविड लस ‘अँकोव्हॅक्स’ हिसारमधूनच बाहेर पडली होती. ही सगळी विद्या घोड्यांच्या रोगांवर तीन दशके घासून तयार झालेली.

बिकानेरला मे २०२३ मध्ये ‘राज-प्रथमा’ जन्मली. मारवाडी घोडीचा काही दिवसांचा भ्रूण काढून दुसऱ्या घोडीच्या गर्भाशयात ठेवला, त्यातून झालेले हे शिंगरू जन्मतः २३ किलोंचे होते. पाठोपाठ गोठवून ठेवलेल्या भ्रूणापासून ‘राज-शीतल’ झाली. चांगली घोडी वर्षाला एकच शिंगरू देते, ही निसर्गाची अट या तंत्राने सैल होते. ज्या जातीत मोजकीच उत्तम घोडी उरली आहेत, त्यांच्यासाठी याचे मोल अधिक.

आणि भीमथडी. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२३ मध्ये राजा बढे यांचे गीत राज्यगीत म्हणून स्वीकारले. त्यात भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख आहे. शाळाशाळांत ते गायले जात होते तेव्हा ती तट्टे जात म्हणून अजून दप्तरात नव्हती. गाण्यात आहेत पण यादीत नाहीत, अशी ही गंमत वर्षभर टिकली. बारामतीच्या भीमथडी अश्वपालक संघटनेने जनावरांची माहिती जमवण्याचा ध्यास घेतला होता. केंद्राचे शास्त्रज्ञ वाड्यांवर, बाजारांत फिरले. उंची, छातीचा घेर, डोके, कान, पाय यांची मापे घेतली, रक्तातून जनुकीय तपासणी केली. मेंढपाळ घोडीची पारख अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांवरून, देवमणीवरून, चालीवरून करतो. शास्त्रज्ञ फीत लावतो. पंचकल्याणी घोडीपुढे दोघेही थांबत असतील, असे मानायला हरकत नाही. हा घोडा शेजारच्या कुठल्याही जातीची शाखा नाही, वेगळा आहे, हे सिद्ध झाले. मारवाडी, काठियावाडी, कच्छी-सिंधी, झंस्कारी, स्पिती, भुतिया आणि मणिपुरी या सातांमागे भीमथडी आठवी घोडाजात ठरली.

या नोंदीचे खरे श्रेय शोधायचे तर ते वाड्यावर जाते. आलेगावचे केंद्र पंधरा-वीस वर्षेही टिकले नसेल. मेंढपाळांच्या बायका-माणसांनी घोडदळ मोडल्यापासून दोनशे वर्षे ही घोडी विणवली आणि शिंगरे वाढवली, ती कुठल्याही अनुदानावाचून. केंद्राच्या चाळिशीत त्यांचे नाव आधी घेतले पाहिजे, आणि केंद्राची मंडळीही ते नाकारणार नाहीत.

आज

हिसारला रोगनिदान, लसी आणि सूक्ष्मजीवांचा संग्रह, बिकानेरला पैदास आणि भ्रूणरोपण, अशी कामाची मांडणी आहे. गाढवाच्या दुधावरही संशोधन चालते. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर आणि उंट यांना जागा दिली. लहान अश्वपैदास काढणाऱ्या व्यक्तीला किंवा शेतकरी गटाला भांडवलाच्या निम्म्यापर्यंत, कमाल ५० लाखांचे अनुदान मिळू शकते. करमाळा-माढ्याकडच्या चार-पाच मेंढपाळांनी एकत्र येऊन दहा घोड्या आणि एक उत्तम नर बाळगायचे ठरवले, तर आता कागदावर तशी वाट आहे. अर्ज भरून देणारा माणूस त्यांना भेटला पाहिजे, एवढेच.

दिवाळीनंतर अकलूजच्या घोडेबाजारात उंच, झळझळीत मारवाडी घोडे लाखांत विकले जातात, लोक मोबाइल काढून उभे राहतात. भीमथडी घोडी तिथे सहसा मधल्या मंडपात नसते. तिच्या गिऱ्हाईकाला तिची चाल बघायची असते, आणि ती बघायला त्याला रिकामे रान लागते. अलीकडे काही वाडे सामानासाठी लहान टेंपो करू लागले आहेत. डांबरी रस्त्यापर्यंत त्याने भागते. घाट उतरून कोकणात जाणाऱ्या वाटेवर आणि पावसात चिखलाच्या पांदीत पुन्हा घोडीच पुढे येते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये एकविसावी पशुगणना सुरू झाली. भटक्या पशुपालकांची जनावरे तिने प्रथमच वेगळी मोजायला घेतली. प्रगणक मोबाइल घेऊन वाड्यावर गेला की मेंढरे, कुत्री, कोंबड्या झाल्यावर तो घोडीकडे वळे आणि जात विचारी. पूर्वी या प्रश्नाला मेंढपाळ हसत असे. या वेळी पडद्यावरच्या यादीत भीमथडी हे नाव होते. घोडीची एक, आणि तिच्या मागे लपलेल्या शिंगराची एक, अशा दोन नोंदी होत.